पंधरा घावांचा माणूस

माझे सासरे मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा करणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायला जीभ अडखळते, पण ते अजून धडधाकट आहेत. रोज सकाळी चार किलोमीटर चालतात आणि वाटेत दिसेल तो दगड उचलून बघतात. तेव्हा मला ती अडचण नाही.

रस्ते बांधणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. खडी फोडून बघायची. खाणीतून आलेला दगड रस्त्यावर घालण्याइतका टणक आहे की नाही, हे ठरवायचं. त्यासाठी एक यंत्र असतं. दोन उभ्या लोखंडी दांड्या आणि त्यांच्यामध्ये वर-खाली होणारा चौदा किलोचा घण. खाली पोलादी वाटी, वाटीत खडी. घण हाताने वर ओढायचा, ठरलेल्या उंचीवर खटका सुटतो आणि घण दाणकन खडीवर पडतो. असं पंधरा वेळा. चौदा नाही, सोळा नाही. मग ती खडी बारीक चाळणीतून चाळायची आणि चुरा किती झाला ते तोलायचं. शंभरात चोवीस भागांपर्यंत चुरा झाला तर तो दगड रस्त्याच्या सगळ्यात वरच्या थराला चालतो. त्याहून जास्त झाला तर दगड मऊ. नापास. सगळा खेळ एवढाच, आणि एवढ्या खेळावर ह्या माणसाने अख्ख्या जिल्ह्यातल्या खाणवाल्यांना एकतीस वर्षं धाकात ठेवलं.

ठेकेदार, खाणवाले, ट्रकवाले सगळे त्यांना 'पंधरा' म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात. घाव चालू असताना खोलीत कुणी एक शब्द बोलायचा नाही असा त्यांचा दंडक होता. घण उचलण्याआधी ते डावा तळवा हवेत धरायचे आणि समोर मोठा साहेब असला तरी तो गप्प व्हायचा. मोजण्यात चूक झाली तर दगडावर अन्याय होतो म्हणे. दगडावर! माणसांचं काय होतं ह्याची त्यांनी कधी चौकशी केल्याचं मला आठवत नाही.

माझी आणि त्यांची पहिली भेट झाली ती लग्नाचं बोलायला ते आमच्याकडे आले तेव्हा. सोबत माझ्या बायकोची मावशी होती, कारण सासूबाई आधीच गेलेल्या. मावशीबाई घरात माझ्या आईशी बोलत बसल्या आणि हे महाशय अंगणात गेले. आमची दगडाची खाण घरापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या वडिलांनी ती शून्यातून उभी केलेली. अंगणात खडीचा ढीग पडला होता. सासऱ्यांनी त्यातले दोन दगड उचलले, कानाजवळ नेऊन एकमेकांवर आपटले, एक खिशात टाकला आणि आत येऊन वडिलांना म्हणाले, "मुलगा बरा वाटतो. दगड मऊ आहे."

आईला वाटलं पाहुणे गंमत करताहेत, ती हसली. वडील हसले नाहीत. मी तर त्या दिवशीच ठरवलं, मुलगी करायची पण ह्या माणसाशी आपलं जमायचं नाही. पुढची सोळा वर्षं मी तो शब्द पाळला आणि त्यांनीही मला कधी तो मोडायची गरज वाटू दिली नाही. आम्ही नवं घर बांधलं तेव्हा ते बघायला आले. सगळे लोक घर फिरून बघत होते, हे पायरीशी उकिडवे बसून किल्लीने दगड खरवडत होते. "ही पायरी फुटेल," एवढं बोलून चहा न घेता गेले. दोन वर्षांत पायरी फुटली. ती फुटली ह्याच्यापेक्षा, ती त्यांनी सांगितल्याप्रमाणे फुटली ह्याचा मला जास्त राग आला.

माझ्या बायकोचं आणि त्यांचंही फारसं बरं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या संसारात आम्हा दोघांचं एकमत होण्याची ती एक हमखास जागा होती. तिचं कारण वेगळं होतं. ती चौदा वर्षांची असताना तिची आई घरात जिन्यावरून पडली. शेजाऱ्यांनी प्रयोगशाळेत निरोप धाडला. शिपाई धावत खोलीत गेला, तर सासरे घण मारत होते. शिपायाने निरोप सांगितला. त्यांनी तळवा वर केला, पंधरा घाव पूर्ण केले आणि मगच उठले. घरी पोचले तेव्हा सासूबाई गेल्या होत्या.

ही गोष्ट सगळ्या खात्याला माहीत होती. काही लोक ती कौतुकाने सांगत: काय माणूस आहे बघा, बायको मरायला टेकली तरी मोजणी सोडली नाही. माझ्या बायकोने ती मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली, भिंतीकडे बघत, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "त्यांना आईपेक्षा पंधरा जवळचे होते." त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायची ती औषधं घेतलीत का, वीजबिल भरलंत का, इतपतच. प्रयोगशाळेत तर चौदाव्या वर्षानंतर तिने पाऊल टाकलं नव्हतं.

आता माझ्या प्रकरणाकडे येतो.

आमच्या खाणीपासून सात किलोमीटरवरून नवा मोठा रस्ता जायचा होता. ठेकेदाराने मला शब्द दिला होता की दगड पास झाला तर वरच्या थराची सगळी खडी तुमच्याकडून. पास झाला तर. नाही झाला तर आमच्या दगडाला भराव टाकण्यापलीकडे गिऱ्हाईक उरणार नव्हतं, कारण आजूबाजूची सगळी कामं त्याच ठेकेदाराकडे होती. क्रशर थांबला असता, त्याच्यावरची अठरा माणसं घरी बसली असती आणि वडिलांनी उभी केलेली खाण माझ्या हातून बंद पडली असती. वडील आता नाहीत, पण त्यांच्या खुर्चीवर मी बसतो, आणि त्या खुर्चीवर बसून खाण बंद करायची हे मला जमणारं नव्हतं.

नमुना प्रयोगशाळेत गेला. नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो, कोणाचा दगड हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. पण ज्या माणसाने सोळा वर्षांपूर्वी माझा दगड खिशात टाकून नेला, त्याला आकड्यामागचा दगड ओळखू आला नसेल असं मला कुणी सांगू नये. अहवाल आला. चुरा शंभरात एकतीस.

मी तडक प्रयोगशाळेत गेलो. लांबट खोली, सिमेंटची जमीन, एका भिंतीला खडी वाळवायची भट्टी, दुसरीला पितळी चाळण्यांची उतरंड. खिडकीच्या गजांवर पांढरी धूळ. कोपऱ्यात ते यंत्र. सासरे स्टुलावर बसून चष्मा पुसत होते.

"मामा, एकतीस कसे आले?" मी विचारलं.

"घाव मारले, चाळलं, तोललं. तसे आले."

"दगड माझा आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"हो. वास येतो मला तुमच्या दगडाचा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एरवी दोनदा करतो, म्हणून तुमची आणखी दोनदा केली चाचणी. चारही वेळा एकतीसच्या आसपास. तुम्ही वरचा तपकिरी थर फोडताय, जावईबापू. वाऱ्यापाण्याने सडलेला आहे तो. खाली काळा दगड लागेल, पण त्याला तीस-पस्तीस फूट उतरावं लागेल. सोळा वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांना सांगितलं होतं मी."

वडिलांचं नाव त्यांनी काढायला नको होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंडाला येईल ते बोललो. जावयाचा सूड घेताय, म्हातारपणी अठरा घरांचे शाप घेताय, असलं काहीबाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि भट्टीचा काटा बघायला उठून गेले. उत्तर दिलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं.

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबाने मला केबिनमधून हाक मारली. ह्या साहेबाचंही सासऱ्यांशी वाकडं होतं. कुठलासा अहवाल साहेबाला हवा तसा लिहायला त्यांनी नकार दिला होता आणि साहेब तेव्हापासून दात धरून बसला होता. त्याने दार लोटून घेतलं.

"हरकतीचा अर्ज द्या," साहेब म्हणाला. "तुमच्यासमोर फेरचाचणी करावी लागेल. पण ती करणारही तेच. म्हणून दुसरं सांगतो. हरकत घेणाऱ्याला जुनी रजिस्टरं बघायचा हक्क आहे. ह्या माणसाने कधी एक जरी चाचणी अर्धवट सोडलेली मला दाखवलीत, तर मी लिहीन की ह्याच्या कामाचा भरवसा नाही. आणि तुमचा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवीन. तिथली माणसं समजूतदार आहेत."

समजूतदार म्हणजे काय ते मला न समजण्याइतका मी भोळा नाही. मी अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्डच्या खोलीत ठाण मांडलं.

तीन दिवस मी त्या माणसाचं आयुष्य वाचलं. त्याला आयुष्य म्हणायचं तर. लोखंडी कपाटात एकतीस वर्षांची रजिस्टरं, पुठ्ठे सुटलेली, कडा कुरतडलेल्या. प्रत्येक पानावर तेच रकाने: तारीख, नमुन्याचा आकडा, वजन, घाव, चुरा, शेरा. आणि प्रत्येक ओळीत त्यांचं ते उभं, खिळ्यासारखं अक्षर. घावांच्या रकान्यात पंधरा, पंधरा, पंधरा. पानामागून पानं. तापात आलेले असणार, कधी झोप झालेली नसणार, कधी कुणाशी भांडून आलेले असणार, पण पंधरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला त्या आकड्याची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सापडला. घावांच्या रकान्यात नऊ.

मी मांडीवर थाप मारली. एकटाच होतो, नाहीतर ओरडलोही असतो. मोठ्या पंधराशास्त्र्यांना पकडलं एकदाचं! बोट सरकवत शेऱ्याच्या रकान्यात गेलो. 'नऊ घावांवर थांबवली. नमुना टाकून दिला. कारण: घरून बोलावणं.'

मग मी तारीख बघितली.

ती तारीख मला पाठ आहे. त्या तारखेला माझी बायको दरवर्षी सकाळपासून कुणाशी बोलत नाही.

मी ती ओळ चार वेळा वाचली. अक्षर तेच, खिळ्यासारखं, फक्त 'घरून'मधला 'घ' दोनदा गिरवलेला. म्हणजे सगळं खातं सव्वीस वर्षं सांगत आलं ती गोष्ट खोटी होती. आणि मला साहेबाच्या टेबलावर नेऊन आपटायला जी ओळ हवी होती, ती नेमकी हीच. मी मोबाईलने पानाचा फोटो काढला आणि खाली प्रयोगशाळेत गेलो.

सासरे ब्रशने चाळणीच्या भोकांत अडकलेले कण काढत होते. मी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे, मामा?"

त्यांनी मान मागे घेऊन बघितलं. "नऊ," ते म्हणाले.

"ते मलाही वाचता येतं. तुमच्या मुलीला वाटतंय तुम्ही पंधरा मारून उठलात."

"शिपाई तसं सांगत सुटला. त्याला गोष्ट रंगवायची हौस होती. गेला बिचारा आता. ठेकेदारांना ती गोष्ट पटली, मग कुणी माझ्या वाटेला जाईना. कामाला बरंच झालं."

"आणि मुलगी?"

"तिने कधी विचारलं नाही."

"अहो, तुम्ही सांगायचं होतं!"

त्यांनी चाळणी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता बोलले, आणि एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "निरोप सहाव्याला आला, जावईबापू. दारातून ओरडला तो, बाई पडल्या, डोक्याला लागलंय. ऐकलं मी. नीट ऐकलं. आणि सातवा मारला. आठवा मारला. नववा मारला. मग हात थांबला. काय सांगू तिला? पंधरा नाही गं, ते तीनच जास्तीचे मारले, असं सांगू?"

भट्टी मंद घरघरत होती.

"हे साहेबाला दाखवणार असाल तुम्ही," ते म्हणाले.

"दाखवणारच."

"दाखवा. दगड तुमचा मऊच आहे."

अशा वेळी माणसाला कीव यायला हवी. मला नाही आली. मला त्यांचा पूर्वीपेक्षाही जास्त राग आला, कारण आता तो धड करताही येईना.

घरी मी बायकोला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं हे कबूल करायला मला लाज वाटते, पण करतो. ती माझ्या बाजूला होती. त्या आठवड्यात ती रोज विचारायची, "सापडलं का काही बाबांचं? एकदा तरी मान खाली जाऊ दे त्यांची." मी तिला नऊ सांगितले असते तर ती उठून पलीकडे गेली असती, आणि ह्या भांडणात मी एकटा पडलो असतो. त्यापेक्षा आधी चाचणीचं काम होऊ दे, मग बघू, असा हिशोब मी मनाशी केला. हलकट हिशोब होता.

तो संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही. मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं आणि रजिस्टरांच्या नादात मी ते साफ विसरलो होतो. बायको ओट्याशी भाजी चिरत होती. चिरता चिरताच तिने तोंड सोडलं.

"वर्गात सगळ्या पोरांचे बाप आलेले. माझी पोर दाराकडे बघत बसलेली. तुम्ही कुठे? कपाटात डोकं घालून! तुम्ही बाबांना नावं कशाला ठेवता हो? शोभता त्यांचेच जावई. तुम्हालाही दगडापुढे माणूस दिसत नाही. तेही असेच, पंधरा झाल्याशिवाय..."

"तुझे बाबा नऊवर उठले होते!" मी ओरडलो.

सुरी थांबली.

"काय म्हणालात?"

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी फोटो दाखवला. ती ओल्या हातांनी मोबाईल धरून वाचत राहिली. मग गॅस बंद केला.

"निरोप कधी आला?"

"सहाव्याला. त्यांनीच सांगितलं."

तिने ओट्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. एक. थांबून दुसरं. थांबून तिसरं. घण उचलायला लागतो तेवढाच वेळ मध्ये जाऊ देत. लहानपणी डबा द्यायला गेल्यावर तिने तो ठेका ऐकलेला असणार.

"एवढंच?" ती म्हणाली. आवाज फाटला होता. "सव्वीस वर्षं, एवढ्यासाठी?" आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला कधी कळलं हे?"

"दुपारी."

"दुपारी! आणि आता सांगताय? तेही भांडणात वापरायला?"

मोबाईल तिने मुलीच्या दप्तरावर नेऊन ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरचाचणी. साहेब मला व्हरांड्यातच भेटला.

"सापडलं का?"

"बघतोय अजून," मी म्हणालो. मोबाईल खिशात होता. दगड पास झाला तर हे पान दाखवायची गरजच पडणार नाही, नापास झाला तर खिशातून काढायचं, असं मी ठरवून आलो होतो. बायको काय म्हणेल ते नंतर.

"चाचणी संपायच्या आत सांगा. अहवालावर सही झाली की माझ्या हातात काही नाही."

नमुना सासऱ्यांनी चार दिवसांपूर्वी स्वतः माझ्या ढिगातून घेतला होता. ढीग पसरून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन उचलून, पुन्हा चार भाग करून. मला हाताने चांगले दगड निवडून द्यायला जागाच ठेवली नव्हती. खडी भट्टीत वाळून थंड झाली होती. त्यांनी मापात तीन वेळा थोडी थोडी भरली, प्रत्येक वेळी सळईने पंचवीस ठोसे दिले, वरून सपाट केली, तोलली. तीनशे पन्नास ग्रॅम. मग ती पोलादी वाटीत ओतून पुन्हा ठोसे. रजिस्टरमध्ये तारीख, आकडा, वजन लिहिलं. पेन तिथेच उघडं ठेवलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि डावा तळवा वर केला.

एक.

जमिनीतून तो घाव तळपायाला लागतो. मी दात आवळून मोजत होतो. आयुष्यात मी देवाकडे फारसं काही मागितलेलं नाही, पण त्या खोलीत उभा राहून मी दगडाची मनधरणी करत होतो. टिक रे बाबा. पाच. सहा. सातव्याला सासऱ्यांचा हात किंचित अडखळला, की मलाच तसं वाटलं. आठ. नऊ. दहा.

अकरा. आणि दारात पावलं वाजली.

माझी बायको उभी होती. चालत आली असावी, चपला धुळीने भरल्या होत्या. ती एक शब्द बोलली नाही. दंडक तिला माहीत होता. ती चौकटीला धरून नुसती उभी राहिली, चौदा वर्षांची असताना डबा घेऊन उभी राहत असेल तशी.

सासऱ्यांचा घण बाराव्यासाठी अर्धा वर गेला होता. त्यांनी तिला बघितलं. मग दोन्ही हातांनी तो चौदा किलोचा घण धरून हळूहळू खाली आणला आणि आवाज न करता खडीवर टेकवला.

"पूर्ण करा," बायको म्हणाली. आवाज कडक होता.

"नको."

"तीन घाव म्हणजे किती वेळ असतो, मोजलाय कधी तुम्ही?"

"रोज मोजतो," सासरे म्हणाले.

ती रडेल असं मला वाटलं. ती भडकली. "मग मला का नाही सांगितलं? मी मोजले असते तुमच्याबरोबर! मी काय शिपायाकडून ऐकायचं होतं? सव्वीस वर्षं तुमच्या घरात जेवले नाही मी धड!" ते काहीतरी पुटपुटले. तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर पायऱ्यांवर नेलं. तिथून तिचा आवाज येत राहिला, चढा, न थांबता. मधूनमधून त्यांचा एखादा शब्द. समेट वगैरे म्हणतात तसलं काही ते नव्हतं. ते सणसणीत भांडण होतं, सव्वीस वर्षं उशिरा सुरू झालेलं.

मी खोलीत एकटा राहिलो. मी खाणवाला आहे, चाळणी मलाही धरता येते. चाचणी अर्धवट होती, तिला काही अर्थ नव्हता, पण मला राहवेना. वाटी काढली, खडी बारीक चाळणीत ओतली आणि चुरा पडायचा थांबेपर्यंत हलवली. चुरा काट्यावर ठेवला. चौऱ्याऐंशी ग्रॅमपर्यंत पास. काटा ब्याण्णववर थांबला. मी काटा पुसून पुन्हा तोललं. ब्याण्णव. पंधरा नाही, अकरा घावांतच माझा दगड मेला होता.

एक सणसणीत शिवी तोंडात आली. कुणाला द्यावी ते कळेना. त्यांना देता आली असती तर किती सोपं झालं असतं! वडिलांना कशी देऊ, आणि दगडाला देऊन काय उपयोग?

घणाचा आवाज मध्येच थांबला म्हणून साहेब लगबगीने आला. त्याचे डोळे चमकत होते. "काय झालं? अर्धवट सोडली? तुमच्यासमोर सोडली ना? चला, लिहून द्या मला."

"मीच हरकतीचा अर्ज मागे घेतोय," मी म्हणालो. "एकतीसचा अहवाल मान्य आहे."

"अहो, पण तीन दिवस रजिस्टरं बघितलीत..."

"काही सापडलं नाही. सगळीकडे पंधरा आहेत."

तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत निघून गेला. पुढच्या आठवड्यात ठेकेदाराने दुसरी खाण धरली. आमचा क्रशर पाच महिने बंद राहिला आणि अठरातली अकराच माणसं परत आली. न आलेल्या सात जणांतला एक जण अजूनही मला बघून रस्ता बदलतो, आणि त्याचं चूक आहे असं मला वाटत नाही. आता आम्ही खालचा काळा दगड काढतो. तो चौतीस फुटांवर लागला.

त्या सकाळी मात्र बाहेर बायको अजून भांडत होती. मी चुरा कोपऱ्यातल्या बादलीत टाकला, वाटी पुसली, मोबाईलमधला फोटो काढून टाकला. रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. दुसऱ्याच्या रजिस्टरमध्ये लिहायचा मला काही अधिकार नव्हता, पण ती ओळ रिकामी राहिली असती तर साहेबाने ती स्वतःच्या मनाने भरली असती. मी पेन उचललं. चुऱ्याचा रकाना मी कोराच ठेवला. ते ब्याण्णव ग्रॅम मी सासऱ्यांना आजपर्यंत सांगितलेले नाहीत आणि सांगणारही नाही, तेवढं सुख मी त्यांना देणार नाही. घावांच्या रकान्यात अकरा लिहिले. शेऱ्यात लिहिलं, 'अकरा घावांवर थांबवली. नमुना टाकून दिला.' आणि त्यापुढे, माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात, 'कारण: घरून बोलावणं.'